खिडकीतले दोन चंद्र

१० मार्च

ती. ताईस धाकट्याचा शि. सा. न.

तुझ्या गुडघ्यांची चौकशी आधी करतो, नाहीतर आपमतलबी म्हणशील. मुलाच्या नव्या घरात माझ्या खोलीला भिंतभर काचेची खिडकी आहे. बंदच असते, सूनबाईला धुळीचं वावडं.

ताई, कुणाला बोलू नकोस. गेले काही दिवस संध्याकाळी मला दोन चंद्र दिसतात. एक ठसठशीत आणि त्याच्या खांद्याशी एक फिकट. शाळेत चंद्राच्या इतक्या कविता घोकल्या, पण दोन चंद्र कुठल्याच कवीला दिसले नव्हते. माझे डोळे चालले, ताई. वाचणं गेलं तर माझ्यापाशी उरेल काय? आवडत्या कविता पाठ करून ठेवतोय. मुलाला सांगितलं नाही, उगाच घाबरेल.

लोभ आहेच, सध्या जरा वाढवून दे.

तुझा,
भाऊ

१३ मार्च

चि. कविराज यास अनेक आशीर्वाद.

गुडघे कुरकुरतात, पण तुझ्याइतके नाही. अरे वेड्या, ताटात एका वाटीच्या दोन दिसतात का? सूनबाई दोन दिसतात का? तसं असतं तर एव्हाना तूच घाबरून फोन केला असतास! आधी ती खिडकी उघड आणि चंद्राकडे बघ. तरी दोन दिसले तर त्याच पावली मुलाला सांगायचं. नाहीतर मीच सांगेन, आणि मग दोघांची बोलणी खाशील.

लोभ भरपूर आहे, धीर मात्र संपलाय.

ताई

१६ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

उघडली. एकच चंद्र! लावली, पुन्हा दोन. माझी उघडझाप ऐकून सूनबाई धुळीच्या नावाने ओरडत आली, मागोमाग मुलगा. मग सगळं सांगून टाकलं.

मुलगा हसत म्हणाला की तावदान दुहेरी आहे, मध्ये हवा कोंडलेली. बराचसा उजेड सरळ आत येतो. थोडा आतल्या काचेवर आपटून मागे फिरतो, बाहेरच्या काचेवरून पुन्हा आत वळतो. काचा केसभर तिरप्या, म्हणून शेजारी दुसरा, फिकट चंद्र उमटतो. मला वाटलं, लाकडी दार उजेडाला बाहेरच उभं करतं, पडदा त्याला गाळून घेतो. काच मात्र आत या म्हणते आणि दारातच थोडं बोलत ठेवते.

समजलं सगळं, तरी मी पुन्हा पुन्हा चंद्रच मोजत होतो. तेवढ्यात सूनबाईने बंद खिडकीशी माझ्या गालाजवळ गाल आणला, डोळे बारीक केले आणि म्हणाली, की बाबा, खरंच दोन आहेत.

ताई, उभ्या आयुष्यात मला कुणी इतकं गोड बोललं नव्हतं.

तुझा दटावणारा लोभ असाच राहू दे.

भाऊ