खर्रूब टेकडीचा पाण्याचा वार पुन्हा गुरुवार करणेबाबत

प्रति,
मा. ग्राहक संपर्क अभियंता बासेल,
पाणीपुरवठा कार्यालय, खर्रूब टेकडी विभाग,
जुन्या बसथांब्यासमोर.

विषय: आठवड्याचे पाणी रविवारऐवजी पूर्वीप्रमाणे गुरुवारी सोडणेबाबत, तसेच पावसाबाबत.

संदर्भ: १) मुलींच्या शाळेत आपण घेतलेली ग्राहकांची सभा.
२) त्या सभेत अर्जदाराने वर केलेला हात.

महोदय,

१. मी फिर्याल, टेकडीवर उम्म यझन म्हणजे यझनची आई म्हणून ओळखली जाणारी, खर्रूब गल्लीतील सासऱ्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहते. खालच्या मजल्यावर माझे मोठे दीर आणि त्यांची पत्नी रुवैदा, म्हणजे उम्म लैस, राहतात. नात्याने त्या माझ्या थोरल्या जाऊबाई होतात. त्यांच्याबद्दल मनात काही आकस ठेवून मी हा अर्ज करीत नाही, हे आरंभीच नमूद करते. आकस असता तर अर्ज पुष्कळ लांबला असता.

२. पाण्याच्या नियोजनात ग्राहकांना विचारून पुढे जावे म्हणून आपल्या कार्यालयाने प्रत्येक गल्लीतून एक ग्राहक प्रतिनिधी नेमला. उपक्रम स्तुत्य आहे. नेमणुकीबद्दल तसे म्हणता येत नाही. आपल्या कार्यालयाची मुलगी आली, तिने खालची बेल दाबली, सदर जाऊबाईंनी दार उघडले, आणि कॉफीचा दुसरा पेला संपेपर्यंत त्या प्रतिनिधी झाल्या होत्या. मी त्या वेळी गच्चीवर टाकीचे झाकण घासत होते, म्हणजे पाण्याचेच काम करीत होते. जिना चढण्याचा कंटाळा केला की प्रतिनिधी निवडला जातो, असा आपला नियम असल्यास तसे लेखी कळवावे.

नेमणुकीसोबत त्यांना निळ्या फितीचे ओळखपत्र मिळाले. ते गळ्यात घालून त्या बेकरीत जातात. बेकरीवाला अबू शिहाब त्यांना "या, पाणीवाल्या बाई, या" म्हणून रांगेतून पुढे घेतो. मी लग्न होऊन आल्यापासून त्याच बेकरीची रोटी खाते आहे. मला आजवर त्याने गरम रोटीसुद्धा वरची काढून दिलेली नाही.

३. सभेची हकीकत आपणास ठाऊक आहे, कारण आपण स्वतः फळ्यासमोर उभे होता. तरीही ती माझ्या बाजूने सांगणे भाग आहे. नव्या पंपामुळे आमच्या टेकडीचे पाणी गुरुवारीच ठेवायचे की रविवारी न्यायचे, हे ग्राहकांनी ठरवावे, असे आपण म्हणालात. त्यावर सदर जाऊबाई फीत सारखी करून उभ्या राहिल्या आणि सगळ्या टेकडीच्या देखत म्हणाल्या, "इंजिनियरसाहेब, गुरुवारच राहू द्या. आमच्या वरच्या मजल्यावरची लेक आहे ना, दिमा, ती झर्काहून दर गुरुवारी कपड्यांचं गाठोडं घेऊन येते. सासरी टाकी एवढीशी. बिचारीनं धुवायचं कुठं?"

महोदय, बायका वळून माझ्याकडे बघू लागल्या. माझी लेक शिक्षिका आहे. तिच्या सासरच्या टाकीची उंची भर सभेत कोणी काढावी, आणि तीही गळ्यात कार्ड घालून? मी उभी राहिले आणि म्हणाले, "माझी लेक कपडे धुवायला येत नाही, आईला भेटायला येते! पाणी कुठल्याही वारी आलं तरी आम्हाला सारखंच!" एवढे बोलल्यावर खाली बसणे शक्य नव्हते. आपण "रविवारसाठी हात वर करा" म्हणालात, तेव्हा माझा हात वर गेला. माझ्या मागच्या बाकांवरील बायकांनीही हात वर केले. त्यांना रविवार हवा होता असे नाही. ते कार्ड त्यांच्याही डोळ्यांत खुपत होते. रविवार निवडून आला आणि आपण टाळ्या वाजवल्यात.

माझे नम्र म्हणणे असे की, ते मत पाण्याच्या वारासाठी दिलेले नव्हते. ते सदर जाऊबाईंच्या विरोधात दिलेले होते. तशी वेगळी सोय सभेत नसल्यामुळे ते रविवारच्या खात्यात पडले. मोजणारा इसम तुमचा असल्याने त्याने हे ओळखायला हवे होते.

४. झालेल्या नुकसानीचा तपशील देते. शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी दिमाची शाळा भरते. तिला यायला सवड मिळते ती गुरुवारीच, शाळा सुटल्यावर. रविवारी भरलेली टाकी गुरुवारपर्यंत आमच्या घरी टिकत नाही. अबू यझन, म्हणजे माझे यजमान, गच्चीवरच्या लिंबाच्या डब्यांना पाणी घालतात आणि विचारले तर "दव पडलं असेल" म्हणतात.

सभेनंतरच्या पहिल्या गुरुवारी दिमा मुलांना घेऊन आली. मी मकलूबा, म्हणजे भांडे ताटात उलटून वाढायचा भात, शिजवून ठेवला होता. नळ उघडला तर नुसती हवा. गाठोडे जिन्यात पडून राहिले. इतक्यात खालून हाक आली, "दिमा, बाळा, खाली ये गं! आपली विहीर आहे ना!" अंगणाखालच्या दगडी टाक्याला त्या विहीर म्हणतात. 'आपली' हा शब्द कृपया लक्षात घ्यावा. दिमा म्हणाली, "आई, पटकन धुऊन येते." मुले खाली न्हाली. खाली जेवलीदेखील, कारण न्हाल्यावर मुलांना भूक लागते आणि जाऊबाईंना ते माहीत आहे. दिमा वर आली ती ओल्या केसांनी, उभ्या उभ्या कॉफी प्यायली आणि नवऱ्याच्या गाडीचा भोंगा वाजला. मकलूबा मी आणि अबू यझन यांनी खाल्ला. भांडे उलटण्याची गरजच पडली नाही, पातेल्यातूनच खाल्ला.

पुढच्या गुरुवारी ती आधी खाली थांबली, मग वर आली.

गेल्या गुरुवारी ती आलेली मला कळलेच नाही. मी सज्जात वाट बघत होते, पण गाडी मागच्या रस्त्याने आली. कोथिंबीर आणायला म्हणून खाली उतरले, तर जाऊबाईंच्या दारापाशी माझ्या नातवाचे बूट दिसले. आत तो हसत होता. कोथिंबीर न घेताच मी वर परत आले.

५. आता पावसाविषयी. सासऱ्यांनी घराची वाटणी केली तेव्हा गच्ची आमच्याकडे आली आणि अंगण थोरल्यांकडे गेले. पाऊस साहजिकच आमच्या गच्चीवर पडतो. गच्ची झाडते मी, कबुतरांची घाण खरवडते मी. मग तेच पाणी पन्हळीतून उतरून त्यांच्या टाक्यात जाते. म्हणजे ज्या पाण्यात माझ्या लेकीचे कपडे खाली धुतले जातात, ते मुळात माझ्याच डोक्यावर पडलेले पाणी आहे. याची चौकशी होऊन पावसातील माझा वाटा निश्चित करावा. दर गुरुवारी टाक्याच्या झाकणावर कार्यालयाचे सील लावता आल्यास अधिक बरे.

६. तरी आपणास विनंती की:

अ) पाण्याचा वार पुन्हा गुरुवार करावा.
ब) गुरुवारी पाणी वरच्या मजल्यावर आधी चढेल आणि मग खाली येईल अशी व्यवस्था करावी. हे अवघड असल्याचे अबू यझन सांगतात, पण त्यांना सगळेच अवघड वाटते.
क) पावसाची चौकशी करावी.
ड) अर्जदारासही एक ओळखपत्र द्यावे. फीत कोणत्याही रंगाची चालेल, निळी सोडून.

एवढे सगळे जमणारे नसल्यास ब, क आणि ड आपण खुशाल खोडून टाकावे. अ मात्र राहू द्यावे. पाणी बारीक धारेने आले तरी माझी तक्रार नाही. दिमा जिना चढताना तिला वर नळ वाहताना ऐकू आला पाहिजे, इतके आले तरी पुरे.

७. आपल्या खिडकीवरील कारकून म्हणतो की, गल्लीच्या प्रतिनिधीची शिफारस असल्याशिवाय वार बदलण्याचा अर्ज घेतला जाणार नाही. म्हणजे हा अर्ज सदर जाऊबाईंच्याच हातून आपणाकडे यायचा आहे. ग्राहकांना विचारून चालणाऱ्या कार्यालयाने असा नियम करताना ग्राहकांच्या घरातले जिने बघितलेले दिसत नाहीत. नियम आहे म्हणून मी तो पाळते. वरची पाने घडी घालून, घडीला टाचणी लावून, फक्त सहीची जागा मी त्यांच्यापुढे ठेवणार आहे. त्यांनी मजकूर न वाचता सही करावी, अशी समज आपण त्यांना द्यावी.

आपल्या नळाकडे डोळे लावून बसलेली,

फिर्याल (उम्म यझन)
वरचा मजला
सोमवार, म्हणजे पाणी येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी

सोबत:
१) गच्चीवरील पन्हळीचे यजमानांनी काढलेले चित्र. (त्यात लिंबाचे डबे दाखवलेले नाहीत.)
२) सभेत रविवारसाठी हात वर केलेल्या आणि आता पस्तावलेल्या शेजारणींच्या सह्या.

ग्राहक प्रतिनिधीची शिफारस:

टाचणी काढून अर्ज पूर्ण वाचला. बेकरीत मी कार्ड घालून एकदाच गेले होते, दर वेळी नाही. पाऊस वरच्याच गच्चीवर पडतो, हे खरे आहे. सभेत मी दिमाचे नाव घ्यायला नको होते, पण मला वाटले होते की घरचेच माणूस आहे.

मला मुलगी नाही. लैस कुवेतला असतो आणि त्याचे कपडे तिकडेच धुतले जातात. गेले काही गुरुवार माझ्या अंगणातल्या दोरीवर लहान मुलांचे सदरे वाळत होते. वाळले तरी मी ते लवकर काढत नव्हते. वरच्या सज्जातून दिसतात हे मला माहीत होते.

पाण्याचा वार पुन्हा गुरुवार करावा, अशी शिफारस करते. कार्यालयाला इतर कामे पुष्कळ असतील. हे काम सवडीने करावे, घाई करू नये.

रुवैदा (उम्म लैस)
ग्राहक प्रतिनिधी, खर्रूब गल्ली