देवगिरी सात वेळा पडली त्याची हकीकत

करमाडच्या आत्याबाईंना बजाजनगरहून मोनिकाचा पाया पडून नमस्कार. तुमचा गुडघा कसा हाय? तेल लावता का नुसतं उन्हात बसून त्याला शिव्या देता? संस्कृतीला खालचे दोन दात आले, आन् ते ती माझ्यावरच चावून बघती. बाकी घरात सगळे खुशाल हायेत, एक मी सोडून. (हे पत्र तुमच्या हाती लागलं म्हणजे तुम्ही कुरडया दुसऱ्या डब्यात ओतल्या असतील. लई बरं केलं. खाऊन संपायची वाट बघितली असंल तर रविवार होऊन गेला, पुढं वाचायची तकलीफ घेऊ नका.) डबा आणणारे तुमचे भाचे, संस्कृतीचे पप्पा, त्यांना तळाच्या पेपराखाली काय हाय ते ठाऊक नाय. ते अजून समोर बसले असतील तर कुरडया कशा तळायच्या ते लिहिलंय म्हणून सांगा. फोन का नाय केला म्हणाल, तर आपल्या घरात स्पीकरवर टाकल्याबिगर कुणाला फोन ऐकूच येत नाय.

रविवारी जालन्याचे पाहुणे येणार, प्रेरणाताईंची सुपारी फोडायला. मामंजींनी, म्हणजे तुमच्या धाकट्या भावानं, तात्यांनी, आत्तापर्यंत लेकीची अकरा स्थळं नाकारली आन् हे बारावं पसंत केलं, कारण देवक जुळलं, मामेकुळ जुळलं. प्रेरणाताईंचं त्या पोराशी काय जुळतं का, ते विचारायचं राहून गेलं. आन् ताईंच्या मनात दुसराच हाय. शंतनू नाव. शेंद्र्याला कंपनीत हाय. पोरगं गुणाचं, पण जानव्याच्या घरातलं, वरणभातावर वाढलेलं, आपल्या घरचा ठेचा खाल्ला तर दवाखान्यात न्यावं लागंल. हे घरात फक्त मला माहीत हाय, आन् मला माहीत होतं हे मामंजींना कळलं तर मला फर्दापूरला माहेरी बसवतील आन् संस्कृतीला इथंच ठेवून घेतील. ते तसं एकदा दुसऱ्याच्या सुनेबद्दल बोलले होते, तवापासून त्यांचा खोकला ऐकला तरी माझ्या हातातलं लाटणं पडतं.

आता तुम्ही म्हणाल तात्याला समोर बसवून सांगून टाक. पण तात्यांना वेळ कुठं हाय? ते सध्या राज्य करतात. विश्वजीत भाऊजींच्या कॉलेजला सुट्ट्या लागल्या आन् त्यांनी कॉम्प्युटर हॉलमधी आणून लढायांचा गेम लावला. त्यात सातशे वर्षांमागचे राजे असतात, एक निवडायचा, सैन्य ठेवायचं, कोठारं भरायची, शेजाऱ्यांच्या घरी सोयरिकी जुळवायच्या, एक बटण दाबलं की एक वर्ष सरतं. भाऊजींनी आपले देवगिरीचे यादव घेतले. नावापुढं तांबड्या अक्षरात इंग्रजीत 'अतिशय अवघड' असं लिहिलेलं. ते ऐकून मामंजी खुर्चीतनं उठलेच, आपल्याला अवघड म्हणणारा हा कोण. तवापासून मामंजी हुकूम सोडतात, भाऊजी उंदीर हलवतात, आन् संस्कृतीचे पप्पा पहिल्या पाळीवरनं आले की मागं उभे राहून 'व्हय तात्या' म्हणतात. (राज्यात प्रधान लागतो म्हणं.)

गेममधी नावं बदलता येतात. भाऊजींनी राजाचं नाव तात्यासाहेब ठेवलं आन् राजकन्येचं प्रेरणा. झालं! पहिल्याच वर्षी वारंगळच्या राजानं पोरासाठी मागणं घातलं. पडद्यावर कागद उलगडतो, खाली दोन खुणा, हिरवी म्हणजे व्हय, तांबडी म्हणजे नाय. मी सातवी शिकले तरी मला कळलं. मामंजींनी विचारलं, मामेकुळ कोणतं? भाऊजींनी गेममधनं त्या पोराची वंशावळ काढून दाखवली. मामंजींनी चष्मा पुसून तिसऱ्या पिढीत खोट काढली. तांबडं दाबा. मंग दक्षिणेकडनं होयसळांचं आलं. लांबचं हाय, लेक सणाला यायची कशी? तांबडं. एका राजाचा फोटोच आवडला नाय. तांबडं, तांबडं, तांबडं. पाच वर्षांनी उत्तरेकडनं सुलतानाचे घोडे आले तवा आपल्या मदतीला कोण यावं? ज्यांना नाय म्हणलं त्यांनी हात वर केले. देवगिरी पडली. मामंजी गच्चीवर गेले आन् डोळ्यावर हात धरून लांबवर किल्ला जाग्यावर हाय का ते बघून आले.

असं सात वेळा झालं. दर वेळी खाली येऊन म्हणायचे, सैन्य कमी पडलं. चौथ्या वेळी म्हणले, त्या काळी कोठारात धान्याऐवजी मिठाची पोती निघाली म्हणून किल्ला गेला, आपण कोठार भरू. भरलं. तरी गेला. (मिठाची ती गोष्ट मी लहानपणापासनं ऐकते, आन् मला दर वेळी एकच वाटतं, कोठारात एकही बाई पाठवली नव्हती का? पोत्याला नुसता हात लावून सांगितलं असतं. पण कोठारात बाई आली तर इज्जत जाती, राज्य गेलं तर इतिहास होतो.) आन् हे सगळं चालू असताना राजकन्या प्रेरणा एका लांबलेल्या डावात चौतीस वर्षांची होऊन तशीच महालात बसलेली, आन् आपल्या प्रेरणाताई स्वयंपाकघरात भाकरी थापत सगळं ऐकायच्या. एकदा मला हळूच म्हणल्या, "वहिनी, त्या बिचारीला पळून जायाचं बटण नसंल का?"

परवा आठव्या डावात वारंगळचा कागद परत आला. मामंजी जेवायला उठले, भाऊजी हात धुवायला गेले. मी संस्कृतीला कडेवर घेऊन खुर्ची पुसत होते, तर ह्या पोरीनं उंदरावर हात मारला. हिरवं दाबलं गेलं. सनई वाजली. मी पोरीला घेऊन मोरीत जाऊन उभी राहिले. मामंजींनी लई आरडाओरडा केला. पण त्याच वर्षी सुलतान आला, आन् बघते तर काय, वारंगळचे जावईबापू हत्ती घेऊन सासऱ्याच्या मदतीला हजर! सुलतान एलिचपुराहून माघारी. देवगिरी राहिली. मामंजींनी गल्लीत पेढे वाटले. शेजारचे नानासाहेब विचारायला लागले, प्रेरणाचं ठरलं का? मामंजी म्हणले, ठरलं काय, झालं सुद्धा! (मी तवा पेढ्याचं ताट उचलून आत गेले.) आन् मंग मिशीवरनं हात फिरवून वर म्हणले, "जावई वेळेला उभा राहिला पायजे. कूळ काय चाटायचंय?"

आत्याबाई, हे वाक्य मी तारीख टाकून कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवलंय. मी म्हणून दाखवलं तर उद्धटपणा होईल. तुम्ही लहानपणी त्यांना विहिरीवर धरून आंघोळ घातलीय, तुम्ही म्हणलात तर इतिहास होईल. तवा गुडघ्याला कापड गुंडाळा आन् रविवारच्या आत या, एवढंच. थोरांना नमस्कार, शेळीच्या करडांना संस्कृतीचा पापा.

तुमची भित्री सून,
मोनिका

ता.क. संस्कृतीनं हात मारला नाय. ती झोपली होती. हिरवं मीच दाबलं. मामंजी तिला आता मुत्सद्दी नात म्हणतात, ते तसंच राहू द्या.

ता.क. दुसरं. सुपारी फुटू शकत नाय, कारण प्रेरणाताईंचं आन् शंतनूचं बारा दिवसांमागं रजिस्टर लग्न झालंय. नोटीस महिनाभर कचेरीच्या बोर्डावर लागलेली होती. त्यात मामंजी सातबाऱ्याच्या कामाला तिथं गेले आन् त्याच बोर्डाखाली बाकड्यावर बसून पेपर वाचून आले. तीन साक्षीदार लागतात. दोन त्याचे मित्र. तिसरी सही माझी हाय. सही करताना माझा डोळा दाराकडं, ती खालच्या ओळीत उतरली, साहेब म्हणले, बाई, लग्न तुमचं हाय का?

ता.क. शेवटचं. काही लिहून पाठवू नका. डबा भाच्यासंगं परत पाठवा. येणार असाल तर त्यात गूळ घाला, नसाल येणार तर मीठ. गूळ बारीक करून घातला तरी चालंल. मी वरनं बघून मानणार नाय, बोट घालून चव घेईन.