घरच्या नावानं हाक

४ ऑगस्ट, सोमवार

बाहुलीचा हात निखळला! म्हातारी माणसं सांभाळायला परदेशी जाणाऱ्या पोरींच्या सरावाला एवढी एकच, तीही माझ्यासारखी जुनाट. आमचे मुख्याध्यापक रामिल सर म्हणाले, नवी येईपर्यंत फळ्यावर शिकवा. माणसाला कुशीवर कसं वळवायचं ते फळ्यावर कोण शिकलंय? चपला काढल्या आणि वर्गातल्या खाटेवर मीच आडवी झाले. म्हटलं, मी रुग्ण, करा माझी सेवा.

पोरी फिदीफिदी हसल्या. मग एकेक पुढे आली. माझा नियम ठरलेला — अंगाला हात लावण्याआधी हाक मारायची, आणि तीही घरची माणसं मारतात त्याच नावानं. परकी बाई कपडे बदलते, निदान हाक तरी ओळखीची हवी. जेरलिन मात्र मुकी. हात इतके हलके की डोळा लागावा, पण तोंडातून चकार शब्द नाही. न बोलणारीला परीक्षेत नापास करतात.

तिनं माझे केस विंचरले. लेक दोनाबेल परदेशी गेल्यापासून कुणी विंचरले नव्हते.

६ ऑगस्ट

जेरलिनला विचारलं, का बोलत नाहीस? ती खाटेवरची चादर नीट करायला लागली. बाकीच्या म्हणतात, तिला लहान पोर आहे, सगळं लक्ष घरी.

१९ ऑगस्ट

पोरींना हुरूप यावा म्हणून वर्गातून दोनाबेलला व्हिडिओ फोन लावला. माझी लेक, याच वर्गात शिकलेली. सहा वर्षं झाली, इटलीत एका म्हातारीला सांभाळते. म्हटलं, दाखव यांना. तिनं भरवून दाखवलं — चमचा खालून, घाई नाही, मध्येच हनुवटी पुसली. सगळं मी शिकवलेलं! ऊर भरून आला.

मग ती म्हातारीच्या कानाशी वाकली. "आई, अजून एक घास."

तिथली भाषा मला येत नाही, बाकीचं अंदाजानं. पण ‘आई’ हा शब्द कुणाला कळत नाही?

बरोबरच आहे. म्हातारीची मुलं तिला तेच म्हणतात, आणि नियम माझाच. मी म्हटलं, बघा, असं हवं. पोरींनी टाळ्या वाजवल्या. जेरलिन पडद्याकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती.

२६ ऑगस्ट

त्या दिवसापासून जेरलिन वर्गात नाही. रामिल सर म्हणाले, नाव काढून टाका. काढलं नाही. वडापच्या जीपनीत बसले आणि तिच्या घरी गेले.

तिची मावशी मासळीबाजारात. ही दारात मासे साफ करत बसलेली, पाठीला तिची तीन वर्षांची मिका चिकटलेली. मी विचारायच्या आतच म्हणाली, "मॅडम, तुमची लेक त्या बाईला आई म्हणाली, तेव्हा मी तुमचं तोंड बघितलं. मला नाही हो जमायचं. मी तिकडे कुणाला तरी आई म्हणणार, आणि ही इथं मावशीला."

याला माझं उत्तर तयार असतं — पैसे पाठवशील, पोर शिकेल. दरवर्षी कुणीतरी रडतं, दरवर्षी देते. आज तिच्याशेजारी उंबऱ्यावर टेकले.

"मग जाऊ नकोस," मी म्हटलं. "पण शीक. नन बायांच्या वृद्धाश्रमातही माणसं लागतातच."

"आणि हिला कुठं ठेवू?"

"वर्गात आण."

१ सप्टेंबर

रामिल सरांनी कपाळाला हात लावला. लावू देत.

मिकालाच रुग्ण केलं. खाटेवर ऐसपैस पडली, आणि जेरलिनला वाचा फुटली — मिकूबाळा, आता इकडे वळायचं हं, आता हात वर, शहाणी गं माझी! मग मिकाला उतरवून मी झोपले. तिनं विचारलं, मॅडम, तुम्हाला घरी काय म्हणतात?

नवरा कधीच गेला. घरात हाक मारायला आहे कोण? म्हटलं, आई म्हण.

म्हणाली. अगदी सहज. मी डोळे मिटून घेतले, रुग्ण होते म्हणून बरं.

२० नोव्हेंबर

जेरलिन पास! परीक्षक बाई म्हणाल्या, या मुलीचं बोलणं ऐकूनच निम्मं दुखणं पळेल.

१२ डिसेंबर

दोनाबेल नाताळला येत नाही. म्हातारीची तब्येत बरी नाही. "तिला अशी टाकून कशी येऊ गं?" मी म्हटलं, नकोच येऊस. तिच्या खाटेवर नवी चादर घालून ठेवली होती. राहू दे.

१४ जानेवारी

जेरलिन आली होती, मिकाला घेऊन. वृद्धाश्रमात मिळतं त्यात मिकाची शाळा व्हायची नाही, म्हणाली. इटलीत दोनाबेलच्याच गल्लीत एका घरी काम मिळालंय, पुढच्या आठवड्यात निघायचंय. मावशी दिवसभर बाजारात. "तुमच्याकडे ठेवाल हिला? दुसऱ्या कुणाकडे ठेवून माझा जीव थाऱ्यावर राहायचा नाही."

ज्या तोंडानं जाऊ नकोस म्हटलं, त्याच तोंडानं हो म्हणाले. आणि मला आनंद झाला. लिहिताना लाज वाटते, पण झाला.

८ फेब्रुवारी

मिका दोनाबेलच्या खाटेवर झोपते. दर रविवारी जेरलिनचा फोन येतो. पोर माझ्यामागे लपते. मी फोन तिच्या कानाला लावते, म्हणते, आईशी बोल. मला ती अजून कसलीच हाक मारत नाही. नुसती झगा ओढते.

१ मार्च, रविवार

जेवत होतो. जेरलिनचा फोन वाजायला लागला. तेवढ्यात मिकानं ताट पुढे केलं. "आई, अजून भात."

फोन वाजत होता. मी मिकाला ओ दिली.