कोवळी ज्वारी लागते

३ मे, शनिवार. सकाळी ९.
शालू अकोल्याला गेली. दामिनीचे दिवस भरत आले आहेत, डॉक्टरने पलंगावरून उतरू नको म्हटले आहे, आणि जावई कुलदीपराव दिवसभर ड्यूटीवर. आईने जाणे भागच होते, मान्य. पण बसमध्ये चढता चढता अख्ख्या स्टँडसमोर नवऱ्याला काय सांगावे? "सकायी कण्या टाका, दोनदा पानी ठेवा, अन् बाकी काही करू नका."
बाकी काही करू नका! एकतीस वर्षे मराठी शिकवलेल्या माणसाला! मी नववी ब सांभाळली आहे. सात कोंबड्या आणि एक कोंबडा म्हणजे काय मोठेसे?
बाळंतिणीला गावरान अंडीच हवीत, हा शालूचा हट्ट. कुलदीपराव वीस तारखेला इकडे येतील, त्यांच्याबरोबर तीस अंडी पाठवायची आहेत.
संकल्प: साठ पाठवणार.

४ मे.
कोंबड्यांना नावे नाहीत. शालू सगळ्यांना "बाया" म्हणते. फक्त एका ठिपकेवालीला "कवडी". ती संध्याकाळी शालूच्या मांडीवर येऊन बसते. माझ्याजवळ एकही येत नाही. मलाही हौस नाही.
आज रीतसर नामकरण केले. प्रथमा, द्वितीया, तृतीया, अशा सप्तमीपर्यंत. कोंबडा संबोधन, कारण पहाटे चारपासून त्याचे तेच चालू असते. कवडी आता चतुर्थी. तिने नावाची दखल घेतली नाही.
आजची अंडी चार. ही काय गती झाली?

५ मे.
यूट्यूबवर एका पोराचा व्हिडिओ पाहिला. धान्य भिजवायचे, ट्रेमध्ये पसरायचे, सात दिवसांत हिरवागार चारा, अंडी दुप्पट. म्हणजे इतकी वर्षे शालू कोरड्या कण्या टाकत बसली होती! मी विचारले असते तर म्हणाली असती, तुमाले काय समजते.
पोरगा प्रत्येक वेळी "अंकुरीत" लिहितो. खाली कॉमेंट केली की "अंकुरित", रि ऱ्हस्व. त्याने ती डिलीट केली. शिकायची तयारीच नाही लोकांची.
रेशनचा गहू भिजवला. शालूच्या मोठ्या परातीत. ट्रे आणायला या उन्हात कोण जाणार?

७ मे. दुपारी १२.
परातीला वास येतो. वर बुरशी, खाली चिकट पाणी. दोष रेशनच्या गव्हाचा, टाकीच्या उकळत्या पाण्याचा, आणि चव्वेचाळीस डिग्रीचा. माझी पद्धत अचूक होती.
शेजारचा देवानंद कंपाउंडवरून डोकावला. मूळचा बाळापूरचा, आयुष्यभर एसटी चालवली. म्हणे, "सर, दारू गाळून राहिले काय?" असला संताप आला! त्याला सांगितले, "गाळत आहात काय" असे म्हणतात. तो हसत आत गेला. उत्तर नसले की ही माणसे हसतात.

१० मे, शनिवार.
गहूच चुकला. इथले पीक ते इथले पीक! ज्वारी! सासूबाईंनी पाठवलेले अर्धे पोते कोठीत पडून आहे आणि मी रेशनच्या गव्हामागे धावत होतो.
खात्री म्हणून सासूबाईंना चांदूर बाजारला फोन केला. मनकर्णाबाई, वय एक्क्याऐंशी, आयुष्य शेतात गेले, ऐकू कमी येते, म्हणून स्वतःच ओरडतात. कोंबड्यांना कोवळी ज्वारी द्यावी का, एवढाच माझा प्रश्न. त्यांचे उत्तर जसेच्या तसे लिहून ठेवतो, कारण लग्नाला चौतीस वर्षे झाली, त्या माझ्याशी प्रथमच सहमत झाल्या:
"अवं बापा! कोवळी जवारी लागते! ढोरालेबी लागते, कोंबड्याईले त लागनच!"
मी म्हटले, कोंबड्याईले नव्हे, कोंबड्यांना. बरे, किती लागेल? तर त्या केवढ्याने तरी ओरडल्या, "किती काय किती? एवढुशीच पुरते!" पुढे काही म्हणत होत्या, पण मी त्यांचे "पुरते" झाल्यावर "आभारी आहे" म्हणून फोन ठेवला. वाक्य पूर्ण झाल्यावर थांबावे, हे त्यांना कोणी शिकवलेच नाही.
निष्कर्ष: जनावरांनाही लागते, कोंबड्यांना लागणारच, आणि थोडीशीच पुरते. म्हणजे स्वस्तही. नंतर त्यांचे तीन मिसकॉल. घेतले नाहीत. एकदा सांगितलेले मला कळते.

११ मे.
ज्वारी भिजवली. या वेळी चार ट्रे, हॉलमध्ये, कूलरच्या तोंडाशी. मी स्वयंपाकघरात झोपतो. अंगाची लाही होते. संशोधनात असे करावे लागते.
देवानंदने खिडकीतून पाहिले. म्हणे, "जवारीले कूलर अन् तुमी चुलीपाशी?" मी पडदा ओढून घेतला.

१४ मे.
कोंब आले! एकसारखे, टोकदार, हिरवे. मुळांची सतरंजी झाली आहे, ट्रे उलटा केला तरी पडत नाही. फोटो निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला, सोबत दोन परिच्छेद. ग्रुपमध्ये शंभरावर माणसे आहेत. अकरा अंगठे आले. शालिकरामने विचारले, हे गवत कोणते. याला विज्ञानाचा शिक्षक म्हणायचे!

१६ मे.
कोंबड्या खात नाहीत.
सतरंजीचा तुकडा पुढे टाकला. प्रथमाने पाहिले, तिरकी मान करून पुन्हा पाहिले, आणि वरून चालत गेली. संबोधनने त्यावर उभे राहून बांग दिली. चतुर्थी पायरीवर बसून फाटकाकडे बघत होती. शालू गेल्यापासून तिचे हेच चालू आहे. आठवडाभर मी घाम गाळला तो यांनी तुडवावा म्हणून?
उद्यापासून कण्या बंद. ट्रे एके ट्रे. नववी ब अशीच सुधारली होती.

१७ मे. संध्याकाळी.
अंडी शून्य. कण्या बंद, दिवसभर नुसता कलकलाट. देवानंदने विचारले, "कोंबड्या उपाशी हायेत काय?" म्हटले, शिस्तीत आहेत.
शालूचा फोन. दामिनीच्या पायांवर सूज आहे. अंडी किती जमली? मी म्हणालो, बरीच. बावीस आहेत, आणि तीही कालपर्यंतची; उन्हात रोजची अंडी घटतच गेली. कवडी कशी आहे? म्हटले, चतुर्थी ठीक आहे. ती म्हणे, ते कोन? स्पष्टीकरण देत बसलो नाही.

१८ मे, रविवार. सकाळी ७.
खाल्ली! तुटून पडल्या! पूर्ण ट्रे पंधरा मिनिटांत साफ. द्वितीया आणि चतुर्थी सगळ्यांत पुढे. मी अंगणात उभा राहून एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. शालूला आत्ताच कळवत नाही. दुप्पट अंडी हातात आली की कळवेन.

७.४०.
चोची उघड्या टाकून धापा टाकतात. उन्हाने. द्वितीया चालताना एका बाजूला जाते. ऊन तापले नाही अजून.

सकाळी ११.
मी हाक मारली म्हणून देवानंद कंपाउंडवरून उडी टाकून आला. वय चौसष्ट. त्याने ट्रे पाहिला, बोटाने मुळे उचकली आणि ओरडला, "जवारी? कोवळी जवारी? अरे सर, लागली ना यायले!" मी म्हणालो, लागतेच, म्हणून तर दिली. तो माझ्या तोंडाकडे पाहतच राहिला. म्हणाला, "लागते म्हंजे जहर होते ना सर! कोवळी जवारी खाल्ली त उभं ढोर पडते, लहान लेकराले मालूम हाये हे!"
मग गुळाचे पाणी. तो एकेकीची चोच उघडून धरायचा, मी चमच्याने पाजायचो. ते औषध आहे की नुसते समाधान, ठाऊक नाही. जनावरांच्या डॉक्टरचा फोन रविवारी बंद. सहा वाचल्या, संबोधन धरून. द्वितीया आम्ही तिच्यापर्यंत पोहोचायच्या आतच गेली. चतुर्थी माझ्या मांडीवर गेली. पहिल्यांदाच बसली माझ्या मांडीवर. इतकी हलकी असेल असे वाटले नव्हते.
देवानंदने लिंबाखाली खड्डा केला. एकदाही हसला नाही. हसला असता तर बरे झाले असते, मला चिडता आले असते.

१९ मे.
चूक कोणाची, हे शांतपणे पाहू.
चूक सासूबाईंची. "लागते" हा शब्द संदिग्ध आहे. मीठ लागते, भूक लागते, ठेच लागते. जिथे जिवाचा प्रश्न आहे तिथे माणसाने "बाधते" म्हणावे. "विषबाधा होते" म्हणावे. त्यांना हे सविस्तर लिहून पाठवायचे ठरवले, आणि त्यांचे नेमके वाक्य घेण्यासाठी ही वही मागे उलटली.
दहा मे. वाक्य माझ्याच अक्षरात आहे. "ढोरालेबी" मधल्या "ले"खाली मी लाल रेघ मारून वर "ला" लिहिले आहे. "कोंबड्याईले" पूर्ण खोडले आहे. समासात "लागनच"चे "लागणारच" केले आहे. "अवं बापा!" पुढचे उद्गारचिन्ह बरोबर म्हणून तिथे टिक आहे.
"लागते" शुद्ध होते. त्याला मी हात लावला नाही.
पत्र लिहिले नाही.

२० मे.
सासूबाई सकाळच्या बसने स्वतः आल्या. देवानंदने कळवले असणार. टोपलीत भुसा, भुशात तीस अंडी. कुलदीपराव आले तेव्हा त्यांनी ती टोपली पुढे केली आणि न बघताच माझ्याकडे हात करून सांगितले, "जवाईबापूनं जमोले बापा." माझी बावीसही त्यातच ठेवली.
कुलदीपराव गेल्यावर मी म्हणालो, तुम्ही सांगितले होते, माझ्या लक्षात आले नाही. त्या मोठ्याने म्हणाल्या, म्हणजे गल्लीने ऐकले, "तुमी माहं बोलनं तपासून राहिले होते. आयकून कुठं राहिले होते?"
मग उठून त्यांनी कोंबड्यांना कण्या टाकल्या.

२२ मे. दुपारी ४.
दामिनीला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.
शालूचा फोन. आवाज थकलेला पण आनंदी. अंडी मिळाली म्हणाली, खूप म्हणाली, मग तेच विचारले, "माही कवडी कशी हाये?" मी आणखी चार दिवस लपवू शकलो असतो. सगळे सांगितले. ट्रे, कूलर, उपास, टाळ्या वाजवल्या तेसुद्धा. तिच्या मागे बाळ रडत होते.
मी म्हणालो, "मले लागलं, शालू."
तिने घाबरून विचारले, "कुठं लागलं? रक्त आलं काय? हयद लावा."
म्हटले, लावतो.