शंभर वर्षांचं झिम्नोव्हा, खंड पहिला

६ जानेवारी २०२५, सोमवार. सकाळी ११.५०

आजपासून पहाटे पाचला उठणे. आज सव्वादहा झाले, पण ते जेट लॅगमुळे. पुण्याहून परत येऊन जेमतेम तीन आठवडे झालेत.

रिटायरमेंटचा पहिला कामाचा दिवस. तीस वर्षं बर्मिंगहॅममध्ये गाड्यांचे ब्रेक तपासले. आता जगाला कळू दे की ज्ञानेश्वर काळसेकर नुसता ब्रेकवाला नव्हता. पुस्तक लिहिणार. विषय स्वतःच्या पायांनी घरी आला. शेजारचे योझेफ, वय शहात्तर, स्लोव्हाकियातल्या झिम्नोव्हा गावचे. गावात नऊ हजार माणसं आणि एक प्रोफेशनल फुटबॉल क्लब. योझेफ त्याचे जुने गोलकीपर. सप्टेंबरात क्लबची शंभरी आहे. क्लबच्या सेक्रेटरी झुझानाबाईंनी त्यांच्याकडे आठवणींची दोन पानं मागितली आहेत. मला म्हणाले, मिस्टर डॅन, मी सांगतो, तुम्ही लिहाल का?

दोन पानं! त्यांना शांतपणे समजावलं की इतिहास असा होत नसतो. सहाशे पानं. दोन खंड. झुझानाबाईंना तशी ईमेल टाकली. सहीखाली ‘क्लबचे अधिकृत इतिहासकार’.

फुटबॉल मला फारसा कळत नाही. बरंच आहे. इतिहासकार तटस्थ हवा.

९ जानेवारी, गुरुवार

लिहायला बसणार तोच बेल. योझेफ. हातात फोटोंचे तीन आल्बम. इतिहासकाराला सगळ्यात मोठा अडथळा कोणाचा होत असेल, तर ज्यांच्या बाबतीत इतिहास घडला त्यांचा. ते भावनेच्या भरात बोलतात. सांगितलं, मी अजून मेथडॉलॉजीत आहे, नंतर बघू. बायकोची, सुचेताची, गुरुवारी हॉस्पिटलच्या फार्मसीतून सुट्टी असते, तिनं त्यांना किचनमध्ये बसवून पोहे दिले. दोन तास हसण्याचे आवाज. कॉन्सन्ट्रेशन कसं व्हायचं?

आजचं लेखन: शीर्षक. ‘झिम्नोव्हा: एका संघाचा समग्र इतिहास’. ‘समग्र’ की ‘साद्यंत’ यात दुपार गेली.

२१ जानेवारी, मंगळवार

ट्रेननं न्यू स्ट्रीटला, तिथून लायब्ररी. शेल्फवर हवा तोच ग्रंथ पहिल्या झटक्यात सापडला. डोंगर, सरोवरं, राज्यकर्ते, सगळं साग्रसंगीत. याला म्हणतात रिसर्चरची नजर. योझेफकडून हे मिळालं असतं का?

प्रकरण पहिलं सुरू: ‘हिमयुग ते पहिला फुटबॉल’.

३ फेब्रुवारी, सोमवार

निश्चय: तीस दिवसांत स्लोव्हाक. फोनवर ॲप घेतलं. भाषा सोपी आहे, फक्त शब्द अवघड आहेत. आज पहिला धडा झाला. ‘मी सफरचंद आहे’ हे अस्खलित येतं.

सुचेतानंही तेच ॲप घेतलं. म्हटलं, घे बापडी. तिचा विरंगुळा होईल.

२२ फेब्रुवारी, शनिवार

अक्षया केंब्रिजहून आली. रिसर्च करते, त्यामुळे कौतुकानं तिला चाळीस पानं वाचायला दिली. पाच मिनिटांत म्हणाली, बाबा, हा स्लोव्हेनिया आहे. मी म्हटलं, तेच ते. ती म्हणाली, नाही, तो वेगळा कंट्री आहे, तू पूर्ण चुकीची देश लिहिलायस.

मुलीचं मराठी फार बिघडलं आहे. ‘चुकीची देश’! एवढी वर्षं मराठीच्या संडे स्कूलला नेऊन हे फळ.

मुद्द्याचं म्हणायचं तर, दोन्ही देशांचे झेंडे इतके सारखे आहेत की गफलत मोठमोठ्यांची होत असेल. चाळीस पानं वाया गेली असं मी मानत नाही. उद्या कोणी स्लोव्हेनियावर पुस्तक मागितलं, तर मी तयार आहे.

सुचेता पदर नसताना तोंडाला पदर लावल्यासारखं हसत होती.

१५ मार्च, शनिवार

फील्डवर्क. झिम्नोव्हाची मॅच इंटरनेटवर लाइव्ह दाखवतात. सध्या क्लब दुसऱ्या लीगमध्ये आहे. कॅमेरा एकच, आणि त्याच्यासमोर खांब. खांबाच्या डावीकडे खेळ असला की दिसतो. योझेफ आणि सुचेता सोफ्यावर, मी वही घेऊन खुर्चीत. एका माणसानं चांगला गोल केला तर पंचानं तो रद्द केला. मी विचारलं का, तर सुचेता म्हणाली, अहो, ऑफसाइड होता ना. तिला कसं माहीत? मी ‘पंचांचा पक्षपात: एक परंपरा’ असं टिपून ठेवलं. नंतर डोळे मिटून सामन्याचं चिंतन केलं. उठलो तेव्हा सगळं आवरून चहाचे कपही विसळून झाले होते.

१७ एप्रिल, गुरुवार

आज औदार्यानं योझेफना वीस मिनिटं दिली. मीच विचारलं, क्लबच्या इतिहासातला महत्त्वाचा सामना कोणता? म्हणाले, १९७३, कपची क्वार्टर फायनल, प्रागची मोठी टीम आमच्या गावात, शेवटच्या मिनिटाला एक गोल खाल्ला आणि हरलो. उत्तम. मी पेन उघडलं. पुढे काय? तर म्हणाले, पुढचं सांगायला आधी माझ्या सासऱ्यांच्या कोंबड्यांबद्दल सांगावं लागेल.

पेन बंद केलं. म्हटलं, योझेफ, हा गंभीर ग्रंथ आहे, यात कोंबड्या येणार नाहीत. ते उठले. मग किचनमध्ये गेले. तिथे सुचेता लॅपटॉपवर काहीतरी टाइप करत बसली होती. बहुधा इथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकचा मेनू.

८ मे, गुरुवार

योझेफच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. सुचेता दोन बस बदलून भेटायला जाते, लॅपटॉप घेऊन. मला म्हणाली, तुम्हीही चला, ते तुमची आठवण काढतात. जायचं मनात होतं, पण प्रस्तावनेच्या अगदी नाजूक वळणावर होतो. लेखकाला निष्ठुर व्हावं लागतं. ग्रेप्स पाठवली.

संध्याकाळी सुचेता परत आली. म्हणाली, त्या माणसाला गावात अजून ‘दार’ म्हणतात, माहितीये का तुम्हाला? गोलकीपरला दार! उघडं दार. बावन्न वर्षं. बायकोच्या अंत्ययात्रेतसुद्धा कोणीतरी म्हणालं.

मी म्हटलं, टोपणनावांचं परिशिष्ट करतोय, त्यात घालतो. ती उठून आत गेली. तिला परिशिष्ट म्हणजे काय ते नीट कळलं नसावं.

३० जून, सोमवार. दुपारी

झुझानाबाईंची मुदत आज संपते. आढावा:

अर्पणपत्रिका तयार. प्रस्तावना तयार, सतरा पानं, त्यातली अकरा माझ्या बालपणावर. ऋणनिर्देश तयार. सूची तयार, फक्त पान नंबर घालायचेत, ते पानं झाल्यावर. म्हणजे ग्रंथाच्या दोन्ही कडा भक्कम आहेत, मधला भाग तेवढा बाकी.

मुदतवाढीसाठी नऊ पानांची ईमेल केली. तासाभरात उत्तर: डिअर मिस्टर डॅन, काळजी करू नका, आम्हाला हवं ते सगळं मिळालं आहे, फार सुंदर आहे, थँक यू.

काही न पाठवता एवढं कौतुक! प्रस्तावनेचा मसुदा योझेफनी परस्पर पाठवला असणार.

३१ ऑगस्ट, रविवार

मंडळाचा गणपती. मीनलताई काणे यंदा अध्यक्ष आहेत. त्यांनी माझं नाव पुकारलं, आपले लेखक ज्ञानेश्वर काळसेकर दोन शब्द बोलतील. दोन शब्द पस्तीस मिनिटं चालले. हिमयुगापर्यंत आलो होतो, तेवढ्यात आरतीची घंटा वाजवली. हॉल सहाला सोडायचा होता म्हणे.

मग मीनलताईंनी विचारलं, पुस्तक कधी येतंय? मी म्हटलं, वीस सप्टेंबरला, शंभरीच्या समारंभात, थेट स्लोव्हाकियात. टाळ्या. सुचेता मोदकांच्या टेबलामागून विचित्र नजरेनं बघत होती. अभिमान असावा.

४ सप्टेंबर, गुरुवार

क्लबचं आमंत्रण आलं. जाड कागद, वर क्लबचा सोनेरी शिक्का. ‘मिसेस सुचेता काळसेकर, लेखिका’. खाली बारीक अक्षरात ‘आणि पती’.

मी म्हटलं, छपाईत चूक झालीये. सुचेतानं गॅस बंद केला, समोर बसली. म्हणाली, चूक नाही. तुम्हाला तीनदा सांगायला आले, तिन्ही वेळा तुम्ही हात वर करून म्हणालात, थांब, विचार तुटेल.

मग सगळं सांगितलं. १९७३च्या त्या सामन्यात चेंडू गोलच्या बाहेरून जात होता. योझेफनी तो बरोबर सोडून दिला. पण जाळीला बाजूनं भोक होतं. चेंडू भोकातून आत शिरला, पंचानं गोल दिला. सगळ्या गावानं पाहिलं ते एवढंच, की कीपर बाजूला उभा आणि चेंडू आत. ग्राउंडची देखभाल योझेफचे सासरे करायचे. दुसऱ्या दिवशी योझेफ त्यांच्याकडे गेले, तर कोंबड्यांच्या खुराड्याला गोलच्या जाळीचा तुकडा बांधलेला. कोल्हा येतो म्हणून म्हाताऱ्यानं कापून आणला होता. लग्नाला तीनच महिने झालेले. बायको म्हणाली, बाबांची नोकरी जाईल. योझेफ गप्प बसले. सासरे जाईपर्यंत गप्प, मग बायको होती तोवर गप्प. ती दोन वर्षांपूर्वी गेली.

दर गुरुवारी ते सांगायचे, सुचेता इंग्रजीत टाइप करायची. चौसष्ट पानं. झुझानाबाईंनी स्लोव्हाकमध्ये भाषांतर केलं.

मी म्हटलं, माझा विषय घेतलास तू. ती म्हणाली, विषय तुमचा नव्हता हो. त्यांचा होता.

जेवण झालं नाही. म्हणजे झालं, पण कमी.

२० सप्टेंबर, शनिवार. झिम्नोव्हा

सकाळपासून ऊन. ग्राउंड आपल्या शाळेच्या पटांगणाएवढं, एका बाजूला टेकडी. दोन हजार लोक तरी आले असतील. माझ्या गळ्यात कार्ड, त्यावर ‘पती’ला स्लोव्हाकमध्ये जे म्हणतात ते. योझेफ काठी घेऊन पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात.

मॅचच्या आधी झुझानाबाईंनी लाउडस्पीकरवर कोंबड्यांचं पान वाचलं. मला एक शब्द कळला नाही. लोक आधी हसले. मग हसणं बंद झालं. मग समोरच्या स्टँडमधले म्हातारे एकेक करून उभे राहिले. एक काठीवाला, त्या टीमचा सेंटर फॉरवर्ड, अख्खं ग्राउंड ओलांडून आला. १९७३ पासून बोलला नव्हता म्हणे. आला आणि त्यानं योझेफच्या टकलाचा मुका घेतला. दोघं लहान मुलांसारखे रडायला लागले. माझ्याही डोळ्यात काहीतरी गेलं. इथे धूळ फार.

मग मी योझेफच्या शेजारी बसलो. नऊ महिन्यांत पहिल्यांदा माझ्या हातात वही नव्हती. म्हटलं, योझेफ, पुढे काय झालं? त्या म्हाताऱ्याचं, त्या कोंबड्यांचं. मला सांगा ना सगळं. ते डोळे पुसत म्हणाले, मिस्टर डॅन, आता परत नको, दमलो मी. पुस्तकात आहे. वाचा.

पुस्तक स्लोव्हाकमध्ये. तरी म्हटलं, घेऊ या.

सुचेता एका टेबलापाशी बसून सह्या करत होती. मधून जायला लागलो, तर एका बाईनं दंडाला धरून मागे पाठवलं. रांगेत उभा राहिलो. पुढे एकोणीस जण. पन्नास मिनिटं.

नंबर आला. मान वर न करता सुचेतानं पुस्तक उघडलं आणि स्लोव्हाकमध्ये काहीतरी विचारलं. नाव विचारत असावी. मी स्पेलिंग सांगायला लागलो. डी. एन. वाय.

तेव्हा कुठे तिनं वर पाहिलं. म्हणाली, अय्या, तुम्ही होय! बाजूला उभे राहा जरा, मागे लोक खोळंबलेत.