एक्केचाळीस नंबरचा ठिपका

भाऊ, चंद्रपुरात थंडी वाजते अशी तक्रार करणारा मी पहिलाच इसम असेन. बाहेर डांबर वितळतंय आणि आमच्या नव्या प्रयोगशाळेतला एसी अठरावर अडकलाय. रिमोट प्राचार्यांच्या कपाटात, कपाटाची किल्ली शिपायाकडे, शिपाई रजेवर. स्वेटर घालावा तर दारावरच मनाईची पाटी, आणि ती मीच लावलेली. का, ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, म्हणजे उशीर तसा झालाच.

तुम्ही आमचे लॅब अटेंडंट, मी नवखा संशोधक. गडचिरोलीकडच्या आजारी बकऱ्यांच्या फुफ्फुसातून आणलेला तो जिवाणू इतका साधा, की त्याच्या पेशीला भिंतसुद्धा नाही. आपल्या क्वार्टरसारखाच, असं तुम्ही म्हणाला होतात. त्याच्यात कोणकोणती प्रथिनं आहेत, त्याचा नकाशा करायचा होता. जिवाणू फोडायचा, काचांमध्ये ओतलेल्या जेलच्या पातळ थरात त्याची प्रथिनं पसरू द्यायची, मग रंग द्यायचा. निळे ठिपके उमटतात, एकेक ठिपका म्हणजे एकेक प्रथिन. मी ठिपक्यांना नंबर देतो, तुम्ही नावं. वरचा जाडा तो सरपंच. कडेला चिकटून बसलेल्या दोघी जावा. तो थर माझ्या हातात हटकून फाटायचा. तुम्ही मात्र पुरणाच्या मांड्यासारखा अलगद झेलायचात.

त्या हिवाळ्यात प्रत्येक जेलवर एक्केचाळीस नंबर यायला लागला. मला वाटलं, नवीन प्रथिन, आता आपलं नाव होणार. ठिपका कापून बाहेरगावी तपासायला पाठवला. अहवालाच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं, केराटिन. म्हणजे कातडी, केस, नख. जिवाणूत ते नसतंच. कुणाच्या तरी अंगावरून पडलेलं. विभागप्रमुखांनी विचारलं, जेल कोण ओततं. मी तुमच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, एवढा मी सभ्य.

"हातमोजे तं मी घालतोच, सर. पण तुमी म्हणता तं माह्याच हातचं असन."

मी म्हणालो कुठे होतो? सोमवारपासून तुम्हाला स्टोअरला बसवलं. फिनाइल, खडू, झाडू. निवृत्तीपर्यंत जेलला तुमचा हात लागला नाही. कधीमधी दार ढकलून विचारायचात, "सरपंच बरा हाये न?" मी खाली मान घालून बरा आहे म्हणायचो.

अहवालाला दुसरं पान होतं. त्यावर प्राणी लिहिलेला, मेंढी. आख्ख्या लॅबमध्ये लोकर एकट्या माझ्या अंगावर; तुम्ही डिसेंबरातही अर्ध्या बाहीच्या खाकीत.

नकाशा आता नव्यानं छापून येतोय. काल एक्केचाळीससमोर लिहिलं, 'मेंढीची लोकर, संशोधकाच्या स्वेटरची. जेल ओतणाऱ्याचा दोष नाही.' लेखकांच्या यादीत तुमचं नाव घातलं, माझ्या आधी. विद्यार्थ्यांनी विचारलं, हे कोण? सगळं सांगितलं, आणि दुसरं पान पुष्कळ उशिरा हाती आलं, असंही सांगून टाकलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून खरं लिहितो. दोन्ही पानं एकाच टाचणीनं जोडलेली होती, भाऊ. तुमच्याकडे पाहिलं तेव्हा माझी ती वाचून झाली होती.