न्हाणीचं पाणी कुठे जातं

सोमवार, ३ नोव्हेंबर. दुपार

पोचलो. लहानसं शेत, बकऱ्या, कोंबड्या, स्वच्छ हवा. आजपासून नवं आयुष्य. दोन आठवडे पहाटे उठणार, मातीत हात घालणार, मोबाइल बॅगेच्या तळाशी. निघताना ही म्हणाली, तिथे तरी कुणाला शिकवायला जाऊ नका. मी शिकायलाच आलोय, पण हिला कोण सांगणार.

घरात तिघं. वहिनी पाहुण्यांचं बघतात, त्यांचे यजमान शेत बघतात (त्यांना सगळे दादा म्हणतात), आणि दादांचे वडील, आबा. माझ्याशिवाय पाहुण्या एकच. त्या दिवसभर दुर्बीण लावून पक्षी बघतात. मी मनातल्या मनात त्यांचं नाव दुर्बीणबाई ठेवलंय.

वहिनींनी नियम सांगितले. न्हाणीघरात त्यांनी घरी बनवलेला साबणच वापरायचा, दुसरं काही म्हणजे काही नाही. न्हाणीचं पाणी कर्दळीच्या चरातून गाळून थेट आबांच्या वाफ्याला जातं, आणि त्या वाफ्यातला पालक, सॅलड रोज आपल्या ताटात येतं. मी म्हणालो, अगदी अशीच जागा शोधत होतो.

त्याच दिवशी, जेवणानंतर

दुर्बीणबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, या वयात केस इतके काळे कसे? मी म्हणालो, आयुष्यात कधी केमिकल लावलं नाही. साधं पाणी आणि शांत मन. वहिनींनी दादांकडे बघितलं, म्हणजे बघा, मी सांगते ते. आबांच्या डोक्यावर एकही केस नाही. ते उठून जवळ आले, माझं डोकं नीट पाहिलं आणि "वा" म्हणाले.

खोटं बोललो असं नाही. मी लावतो ते हर्बल आहे. खोक्यावर पानाचं चित्र आहे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

पहाटे उठायचं होतं. प्रवासाचा शीण. साडेआठ.

आबांनी वाफा दाखवला. हातात काठी असते, पण वाफ्याशी आले की काठी कुठेतरी टेकवतात आणि मग दिवसभर शोधतात. कमरेला कोठीची किल्ली. कोठीत बियाणं, अवजारं, राखेचा काळा डबा आणि चुन्याचा पांढरा डबा. दर शनिवारी वाफ्याला राख घालतात. बाकी सगळं शेत दादांचं, हा एवढा तुकडा माझा, असं तीनदा म्हणाले. फुशारकी मारतात थोडी. मी ऐकून घेतलं, मोठ्यांचं ऐकावं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आरशात कानशिलांजवळ पांढरं दिसलं. फार नाही. ठरवलं, निसर्गाशी भांडायचं नाही. इथून पांढराच परत जाणार. मन एकदम हलकं झालं.

जेवताना दुर्बीणबाई म्हणाल्या, शुक्रवारी सगळ्यांचा फोटो काढू. त्यांच्याकडचा कॅमेरा लांबच्या चिमणीची पापणीसुद्धा टिपतो म्हणे.

गुरुवार, ६ नोव्हेंबर. दुपार

सगळे शेतावर. रंगाचं पाकीट सवयीने बॅगेत आलेलंच होतं, मी काही मुद्दाम आणलं नव्हतं. लावला. धुताना अगदी मोजकं पाणी वापरलं, तेवढीच पर्यावरणाची काळजी. पाकिटातल्या दोन प्लास्टिकच्या हातमोज्यांपैकी एक सापडेना. असेल कुठेतरी.

संध्याकाळ

न्हाणीघराच्या फरशीवर काळा डाग. साबणाने जाईना, राखेने जाईना, माझ्या टॉवेलने तर आणखीच पसरला. पाय मोकळे करून येतो म्हणून सांगितलं आणि बसस्टॉपजवळच्या दुकानातून डाग काढायच्या अ‍ॅसिडची बाटली आणली. दुकानदार म्हणाला, झाकणभर पुरे. त्याने माझा डाग पाहिला नव्हता. बाटली संपवली.

फरशी आरशासारखी झाली. वहिनींनी पाहिली आणि म्हणाल्या, इतक्या वर्षांत कुण्या पाहुण्याने न्हाणीघर घासलं नव्हतं. फार भरून आलं त्यांना. मलाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

फोटो उत्तम आला. आबांच्या वाफ्यातली पानं जरा मलूल. ऊन असेल.

शनिवार, ८ नोव्हेंबर

बाकावर पुस्तक घेऊन बसलो होतो. समोर आबा राख घालत होते. नेहमी एक डबाभर घालतात म्हणे, आज तीनदा कोठीत जाऊन आले. म्हाताऱ्या माणसाचं काय, विसरत असतील. मी पुस्तकात डोकं घातलं. पान उलटलं नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

काल पिवळा, आज तपकिरी. अख्खा वाफा गेला. पालक हातात घेतला तर चुरगळतो.

दादा वाफ्यावर उकिडवे बसले. माती चोळून पाहिली. वरती पांढरट थर. आवाज चढवला नाही, तेच वाईट. म्हणाले, "आबा, डबा चुकला तुमचा. हा चुना आहे."

आबा म्हणाले, राखच होती. दादा म्हणाले, मागच्या महिन्यात बियाणंही बदललं होतं तुम्ही. मग आबा माझ्याकडे वळले. "तुम्ही बाकावर होतात. सांगा, मी कुठला डबा काढला?"

सगळे माझ्याकडे बघत होते. डबा काळा होता. मी पाहिला होता. मी म्हणालो, "नक्की नाही सांगता येणार... पण पांढरा असावा."

असावा म्हणालो. होता म्हणालो नाही. ऑफिसात चौकशी समितीवर इतकी वर्षं आहे, या दोन शब्दांतला फरक मला कळतो.

आबा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग कमरेची किल्ली सोडून स्वतःच दादांच्या हातात दिली. दादांनी ती स्वयंपाकघरात खिळ्याला लावली. रात्री मला जेवण गेलं नाही. तसं गेलं, पण चव नव्हती.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

निश्चय. उद्या नाश्त्याला सगळं सांगून टाकायचं. रंग, डाग, बाटली. माणूस चुकतो, त्यात काय. आज सांगणार होतो, पण दादा दिवसभर बकऱ्यांच्या कुंपणात होते, आणि सगळे एकत्र असताना सांगणंच योग्य.

आबांचा हात सारखा कमरेशी जातो, किल्ली नाही म्हणून परत येतो. आता ते माझ्या बाकावर बसतात. मी शेजारी जाऊन बसलो, तर सरकून जागा केली. यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

प्रायश्चित्त म्हणून वाफा खणायला लागलो. हाताला फोड आले. वहिनींनी मलम लावलं आणि म्हणाल्या, तुमच्यासारखे पाहुणे मिळायला भाग्य लागतं. आतून अगदी मेल्यासारखं झालं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

नाश्त्याला सांगितलं नाही. दुर्बीणबाई माझ्या केसांवरच बोलत होत्या, अशा वेळी विषय कसा काढणार.

दुपारी दादा सहज म्हणाले, आबांना हिवाळाभर माझ्या बहिणीकडे शहरात ठेवू. इथे आता त्यांना तसं काम नाही. आणि किल्ली हातात नको. बहिणीचा फ्लॅट पाचव्या मजल्यावर आहे. आबा मागे एकदा गेले होते, आठवड्यात परत आले. तिथे म्हणे मातीला हात लावायचा तर खाली बागेत जाऊन वॉचमनची परवानगी काढावी लागते.

हे माझ्यामुळे. मी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे नाकारता येणार नाही. हे माझ्यामुळे.

उद्या नक्की.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

फाटकापाशी जाऊन हिला फोन केला, रेंज तिथेच येते. काही सांगायच्या आत ही म्हणाली, तिथेही रंग लावलात ना? हिला फोनवरून कसं कळतं, देव जाणे. मग सगळं सांगितलं. ही म्हणाली, "सांगून टाका आणि या. न सांगता येऊ नका."

दिवसभर तयारी. ऑफिसात समोरचा कबूल करेपर्यंत मी चहाला उठत नाही. कबुलीजबाब कसा असावा हे माझ्याइतकं कुणाला माहीत? थोडक्यात, स्पष्ट, कारणं न देता. बकऱ्यांसमोर दोनदा म्हणून पाहिला. उत्तम झाला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. जेवणानंतर

सांगितलं. झालं एकदाचं.

म्हणजे सुरुवात केली. म्हणालो, "वाफा आबांमुळे नसेल गेला. चूक माझी असेल. मी न्हाणीघरात... काहीतरी जास्त ओतलं गेलं."

दादांनी विचारलं, काय ओतलं? मी म्हणालो, साफ करताना. थोडं जास्तच. केसांचा भाग पुढे येणार होता. पण वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. म्हणाल्या, "आबांना वाईट वाटू नये म्हणून तुम्ही स्वतःवर घेताय." न्हाणीघर घासलं तेही बिचाऱ्यांनी आपलाच साबण लावून, असं दुर्बीणबाईंना सांगितलं. दुर्बीणबाई म्हणाल्या, अशी माणसं आता राहिली नाहीत. दादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी म्हणालो, तसं नाही हो. आणखी एकदा म्हणालो, जरा हळू. मग फार ताणलं नाही. लोकांना एखाद्यात चांगलं दिसत असेल तर ते पुसून काढणं हासुद्धा एक प्रकारचा अहंकारच.

आबांनी मीठ मागितलं.

जीव भांड्यात पडला असं लिहिणार होतो. नाही पडला.

शनिवार, १५ नोव्हेंबर. बसमध्ये

आबा मला सोडायला फाटकापर्यंत आले. काठी विसरले नाहीत. वाफा नाही म्हटल्यावर कुठे विसरणार. बस लांबून दिसायला लागली तेव्हा खिशातून काहीतरी काढून माझ्या हातात दिलं. छान धुतलेलं, चौकोनी घडी घातलेलं. माझा हातमोजा.

"कर्दळीच्या जाळीत अडकला होता. मागल्या शुक्रवारी सकाळी काढला. पाणी काळं होतं. वासही होता."

मी विचारलं, कुणाला दाखवला नाहीत?

"मी दाखवला असता तर म्हणाले असते, म्हातारा आता पाहुण्यावर ढकलतो." मग म्हणाले, "तुम्ही दाखवलात तर विश्वास बसेल. सगळे घरातच आहेत."

म्हणजे शनिवारी तीन डबे राख घालत होते ते विसरल्यामुळे नव्हे. माझं अ‍ॅसिड मारायला. आणि सोमवारी कुठला डबा ते विचारत होते तेव्हा त्यांना माझं सगळं ठाऊक होतं. मला संधी देत होते.

घर फाटकापासून हाकेच्या अंतरावर. वहिनी ओट्यावरून हात हलवत होत्या. मोजा माझ्या मुठीत. दोन मिनिटांचं काम. पण बस थांबली होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आणि पुढची बस थेट संध्याकाळी. आबा माझ्याकडे बघत नव्हते, घराकडे बघत होते.

चढलो. आता फोन हाच उत्तम मार्ग. फोनवर माणूस मोकळेपणाने बोलतो. घरी पोचलो की पहिलं काम तेच. खूप लाज वाटते आहे. खिडकीशी बसलोय आणि मूठ उघडत नाहीये.

रविवार, १६ नोव्हेंबर. घरी

रात्री उशीर झाला म्हणून फोन केला नाही.

ही म्हणाली, सांगितलंत? मी म्हणालो, सांगितलं. ही म्हणाली, बरं. पुढे काही विचारलं नाही, त्यावरून कळलं की तिला कळलंय.

सकाळी अकराला फोन लावला. वहिनींनी उचलला. म्हणाल्या, दादा आत्ताच आबांना घेऊन बहिणीकडे निघाले. आबांचं निघताना सारखं एकच चाललं होतं, पाहुण्यांचा फोन येईल, ते काय म्हणतात ते मला तिथे कळवा. विसरू नका. वहिनी हसून म्हणाल्या, "फारच जीव लागला तुमचा. काय सांगू त्यांना?"

मी म्हणालो, सुखरूप पोचलो म्हणून सांगा.

उद्या ऑफिस. अकराला चौकशी समितीची मीटिंग. अशा केसांनी जाता येणार नाही. दुपारी नवं खोकं उघडलं, तर त्यातला एक हातमोजा फाटका. आबांनी दिलेला बॅगेत होता, तो घातला. वस्तू वाया घालवायची नाही, हे मी तिथेच शिकलो.

पाणी मोरीतून गेलं. कुठे गेलं, ते इथे कुणी विचारत नाही.